तबकडी, टाळ आणि कान

आषाढीला ज्यांची पावले पंढरीस पोहोचत नाहीत, अशा कित्येक वृद्धांच्या उशाशी अजूनही अभंगांच्या तबकड्या आणि हाती नेण्याजोगा सीडी प्लेअर असतो. मोबाईलच्या दिवसांत या यंत्राची कोणी थट्टा करील, करो बापडा. यांतले कोणते यंत्र चांगले वाजते, असे कीर्तनानंतर आम्हांस वारंवार विचारले जाते. त्याचे उत्तर जाहिरातीत नसून टाळांच्या नादात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तबकडी सर्व यंत्रांना सारखेच देते. सेकंदाला 44,100 वेळा मोजलेला नाद, तोही डाव्या-उजव्या कानासाठी निरनिराळा. 1984 साली सोनीने डी-50 हे हाती नेण्याजोगे पहिले यंत्र काढले, तेव्हापासून आजतागायत या हिशेबात बदल झालेला नाही. भेद उत्पन्न होतो तो पुढे.

यंत्राला धक्का बसला की वाचणारा किरण वाट चुकतो आणि गाणे तुटते. म्हणून 1990 नंतरच्या दशकात, पुढचा नाद आधीच वाचून स्मृतीत साठवण्याची युक्ती निघाली. दहा सेकंदांचा नाद जसाच्या तसा साठवावयाचा, तर 1 कोटी 41 लाखांहून अधिक बिट लागतात. चाळीस सेकंदांच्या संरक्षणाचा डंका पिटावयाचा आणि स्मृती तोकडी ठेवावयाची, तर नाद आखडूनच भरावा लागतो. आणि अनेक यंत्रांत तसेच केलेले असते. चालत्या मोटारीत ही सोय उपकारक खरी. परंतु देवघरातल्या चौरंगावर यंत्र स्थिर असताना तिचे प्रयोजन काय?

आखडलेल्या नादाची परीक्षा टाळावर घ्यावी. टाळ वाजल्यावर त्याची आस हळूहळू विरत जाते. ती शेवटपर्यंत स्वच्छ विरली तर यंत्र उत्तम. मध्येच वाळू चाळल्यासारखी झाली तर समजून घ्यावे. दुसरी परीक्षा ऊष्म वर्णांची. संस्कृतात ‘सकल’ म्हणजे संपूर्ण आणि ‘शकल’ म्हणजे तुकडा. या दोहोंतले अंतर वरच्या पट्टीतल्या सूक्ष्म सीत्कारावर अवलंबून असते, आणि आखडताना प्रथम झळ बहुधा तिथेच पोहोचते. आजीच्या शेजारी बसून नातू स्तोत्र ऐकतो आणि ऐकतो तसे म्हणतो. त्याच्या कानी श आणि स एकच होऊन पडले, तर पुढे शिकविणाऱ्याने किती डोके फोडावे? पाणिनीय शिक्षेने अधम पाठकांत ‘अल्पकंठ’ही गणला आहे, यंत्रांतही तो आढळतो.

खर्ज फुगविणाऱ्या कळीविषयी तर बोलावयासच नको. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावतात ती गांभीर्यासाठी, गायकाचे शब्द गिळण्यासाठी नव्हे. ती कळ दाबली की अभंगाचे चरण घुमाऱ्यात बुडतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘वा, काय दणदणीत वाजते!’

दोन यंत्रांची तुलना करावयाची, तर तबकडी एकच असावी, कानाला लावावयाचे यंत्रही तेच असावे आणि दोहोंचा आवाज काटेकोर सारखा ठेवावा. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस भासतो. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्यास कळू न देता दुसऱ्याने ते बदलावे. किमतीचा दरारा अशा वेळी पुष्कळदा गळून पडतो. एक सावधगिरी मात्र हवी. पंडित भीमसेन जोशी यांच्या ‘अभंगवाणी’सारख्या जुन्या ध्वनिमुद्रणात फितीची सळसळ ऐकू आली, तर तो यंत्राचा दोष मानू नये. उलट चांगले यंत्र तीही दाखवील.

विजेच्या जोडणीवर गुणगुण येत असेल, तर घटांवर ऐकून पाहावे; तंबोऱ्याशेजारी दुसरा बेसूर तंबोरा कशाला? नव्या यंत्रांत ब्लूटूथची सोय असते, पण त्या वाटेनेही नाद बहुधा आखडूनच जातो. साधी तार बरी. जुने यंत्र विकत घेताना धक्क्याच्या संरक्षणाची कळ बंद करता येते की नाही, हे आधी पाहावे. ती बंद होत नसेल आणि टाळाची आस वाळूसारखी येत असेल, तर असे यंत्र फुकट मिळाले तरी आम्ही कोणास घ्या म्हणणार नाही.