बँड सोडला, गाणं कुणाचं?

बँडमधला एक जण बाहेर पडला, की गाण्यांवरून भांडण ठरलेलंच. चौघं म्हणतात 'आमची', जाणारा म्हणतो 'मी लिहिली'. लेखी करार नसेल, तर कायद्यानं शब्द लिहिणाऱ्याचे, चाल बांधणाऱ्याची. बँडच्या नावावर आपोआप काही होत नाही.

पण हक्क म्हणजे सगळं नव्हे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मराठी मिशन सोडलं. ख्रिस्ती मंडळीनं त्यांची गीतं सोडली नाहीत. 'उपासना संगीता'तून ती आजही गातात, आणि टिळकांची म्हणूनच गातात.

बीदर-कलबुर्गीतल्या आपल्या पोरांनीही एवढं करावं: कुणी काय रचलं, ते पहिल्या तालमीलाच वहीत लिहावं. गेलेल्याचं गाणं जरूर गावं, पण त्याला विचारून, त्याचं नाव घेऊन. नाव पुसून गायलं, तर ती चोरीच.