महागड्या चष्म्याला विमा हवा, की दुसरा चष्मा?

चष्मा हातात देताना डबी, फडका आणि बिलाबरोबर हल्ली आणखी एक कागद पुढे येतो. "काकी, वर्षाचा विमा घालून टाका. उद्या नातवानं पाय दिलान तर?" दुकानदार आपुलकीनंच विचारतो. प्रश्न खोटा नाही. जवळचं-लांबचं एकाच काचेतून दाखवणारी प्रोग्रेसिव्ह, नंबर मोठा असेल तर काच पातळ राहावी म्हणून १.६७ किंवा १.७४ इंडेक्स, वर कोटिंग, हलकी फ्रेम, असं करत करत बिल वीस-पंचवीस हजारांच्या घरात सहज जातं. एवढ्या किमतीची वस्तू नाकावर ठेवून भर पावसात सावर्ड्याचा हायवे ओलांडायचा, गर्दीच्या रेल्वेत झोपायचं, नातवंडांशी खेळायचं, म्हणजे विमा काढावासा वाटणारच. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या अनेकांनी मला हे विचारलं. माझा नंबर उणे ९ आहे. चष्म्याशिवाय मला समोरच्या माणसाचा चेहरा ओळखता येत नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. "माझा मेडिक्लेम आहे, त्यात चष्मा बसेल," असं अनेकजण धरून चालतात. बहुतेक आरोग्य पॉलिसींमध्ये चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र यांचा खर्च वगळलेला असतो. नंबर घालवायची शस्त्रक्रियासुद्धा नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर त्यात येत नाही. ओपीडीचा खर्च देणाऱ्या काही पॉलिसी चष्म्यासाठी थोडी रक्कम देतात, पण तीही नव्या चष्म्यासाठी, फुटलेल्याची भरपाई म्हणून नव्हे. घराचा विमा वेगळा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. ती आग, पूर, वादळ, भूकंप, दरड यांसाठी आहे. चष्मा एसटीच्या सीटवर राहिला किंवा अंगणातल्या चिऱ्यावर आपटला, तर तिचा उपयोग नाही.

राहतो तो दुकानात किंवा मोबाइलवर मिळणारा खास चष्म्याचा विमा. घेण्याआधी त्याच्या अटी दिव्याखाली धरून वाचाव्यात. काच तडकली तर मिळेल, पण चरा पडला तर? चोरीला गेला तर पोलिसांचा दाखला लागेल का? आणि नुसता हरवला तर? पहिले काही हजार आपणच सोसायचे आहेत का? सहा महिन्यांनी घसारा किती धरणार? वर्षात एकदाच, की दोनदा? पैसे मिळणार, की त्याच दुकानात नवी काच? या प्रश्नांची उत्तरं लेखी मागितली की बोलणं बरंच आटोपतं. उदाहरणापुरतं धरू की चष्मा २४ हजारांचा, वर्षाचा हप्ता १,८०० आणि भरपाई किमतीच्या निम्मी. म्हणजे साधारण साडेसहा वर्षांत एकदा तरी चष्मा पुरता मोडला, तरच हिशेब बरोबरीत येईल. एवढी वर्षं एकच नंबर कोणाचा टिकतो? शाळकरी मुलांचा तर सहा महिन्यांत, वर्षात बदलतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्के झाला. व्यक्तिगत आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावरचा तर पूर्ण गेला. पण अशा किरकोळ वस्तूंच्या विम्यावर तो १८ टक्केच आहे.

शिवाय आपल्याकडे चष्मा खराब होतो तो बहुधा हळूहळू. मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला की तापून कोटिंगला बारीक बारीक तडे जातात. हायवेच्या धुळीनं भरलेली काच साडीच्या पदरानं किंवा शर्टाच्या टोकानं कोरडीच पुसली की चरे पडतात. पावसाळाभर दमट हवा लागून स्क्रू गंजतात. हे सगळं विमा कंपनीच्या लेखी वापरातली झीज, तिची भरपाई नाही. नळाच्या पाण्याखाली धुऊन मऊ फडक्यानं टिपणं आणि रात्री चष्मा डबीत घालून ठेवणं, याला काही खर्च नाही.

कोकणातल्या माणसाला विम्याची रीत शिकवायला नको. हवामानावर आधारित फळपीक विम्यात आंबा बागायतदाराला भरपाई मिळते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर. अवेळी पाऊस किती, तापमान किती, वारा किती, हे केंद्र सांगतं. कलमाखाली फळांचा खच पडला असेल, पण केंद्रावर ठरलेला आकडा गाठला गेला नसेल, तर हाती काही येत नाही. आपलं नुकसान आणि कागदावर मान्य झालेलं नुकसान यांत अंतर असतं, हे इथं प्रत्येक बागेला ठाऊक आहे. तरीही मी बागेचा विमा घ्याच म्हणेन. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा एका रात्रीत दुकानंच्या दुकानं गेली. अशा वेळी माणूस स्वतःच्या बळावर उठू शकत नाही. घर, दुकान, बाग, इस्पितळाचं बिल, कमावत्या माणसाचा जीव, यांच्यासाठी विमा नसणं हे संकट आहे. तो हप्ता आधी भरावा, कितीही ओढाताण असली तरी. ज्यांच्या घराचा विमा नाही ते चष्म्याच्या विम्याचा अर्ज भरत आहेत, हे पाहिलं की मला खरोखर काळजी वाटते.

चष्मा मोडल्यावर खरं जातं काय, हे नंबर मोठा असणाऱ्यालाच कळतं. पैसे जातात, पण त्याहून वाईट म्हणजे दिवस जातात. साधी काच चिपळुणात पटकन बसवून मिळते. प्रोग्रेसिव्ह किंवा सिलिंडर असलेली मोठ्या नंबराची काच मात्र बाहेरून मागवावी लागते, आणि पावसात रस्ता-रेल्वे विस्कळीत असली तर वाट बघावी लागते. त्या दिवसांत स्कूटर चालवता येत नाही, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव वाचता येत नाही, पायरी दिसत नाही. विम्याचा दावा मंजूर झाला तरी तो फोटो, अर्ज आणि तपासणी यांतून जाऊन मग होतो. पैसे उशिरा चालतात, नजर उशिरा चालत नाही. म्हणून माझा निर्णय असा की महागड्या चष्म्याचा विमा काढू नये, त्याच पैशांत दुसरा चष्मा करून ठेवावा. साधी फ्रेम, साध्या काचा, एक लांबचा आणि गरज असेल तर एक जवळचा. तो दिसायला ओबडधोबड असेल, जाड असेल, पण मोडण्याच्या क्षणी कपाटातून काढून घालता येतो.

चष्म्याची किंमत काचेच्या बिलापेक्षा मोठी असते. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात जवळचे साधे चष्मे मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढली. साधे, स्वस्त चष्मे होते ते. मासे साफ करणारी, काजू सोलणारी, शिवणकाम करणारी आपल्याकडची कितीतरी बायामाणसं चाळिशीनंतर डोळे बारीक करूनच काम ओढत राहतात. त्यांच्यासाठी विम्याचा प्रश्नच उद्भवत नाही. पहिला चष्माच नाही.

आणखी एक गोष्ट मला सतत दिसते. मुंबईहून मुलगा येतो, आईला उत्तम, महाग चष्मा करून देतो आणि जातो. आई तो चष्मा कपाटात ठेवते. "कशाला रोज वापरायचा, फुटला तर?" म्हणते आणि काडीला दोरा बांधलेला जुनाच घालते. त्या जुन्याचा नंबर केव्हाच मागे पडलेला असतो. अशा घरात विमा घेऊन आईची भीती जात नाही. आईबाबांना असा चष्मा द्या की जो पडला तरी त्यांना कोणाला सांगायला संकोच वाटणार नाही.

विमा घ्यायचाच नाही असं मात्र नाही. दुकानदार विनामूल्य देत असेल तर अवश्य घ्या, बिल जपून ठेवा. सावर्ड्याच्या सह्याद्री शिक्षण संस्थेच्या शिल्पकला शिकणाऱ्या मुलांसारखं ज्यांचं काम दगड, छिन्नी आणि उडणाऱ्या कपच्यांमध्ये आहे, त्यांनी विम्याआधी पॉलिकार्बोनेटची सहजासहजी न फुटणारी काच आणि वर संरक्षक चष्मा घ्यावा. तिथं प्रश्न काचेचा नाही, डोळ्याचा आहे. लहान मुलांनाही हीच काच बरी.

पावसाळ्याआधी एवढं कराच. डोळे तपासून घ्या. डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ आहे, त्यासाठी मुंबई गाठायला नको. नंबरच्या चिठ्ठीवर दोन बाहुल्यांमधलं अंतरही लिहून मागा आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, म्हणजे कुठल्याही गावात काच करता येते. जुना चष्मा नवा आला म्हणून टाकू नका. शाळेत जाणारं मूल फळ्याजवळ जाऊन बसत असेल तर शिक्षकांना विचारा. १९७६ पासून चाललेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची सोय आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्यांवर आज कोणता चष्मा आहे, नवा की जुना, तेवढं आज संध्याकाळीच बघा.