मणका ‘बसवून’ कंबर बरी होत नाही

धानाची रोवणी लागली की गोंदिया तालुक्यात कंबरदुखीचाही हंगाम लागतो. मुर्रीसारख्या गावात दुखणाऱ्या कंबरांना तोटा नाही. बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकून परे लावणाऱ्या बाया आहेत, राईस मिलमध्ये पाठीवर पोती वाहणारे हमाल आहेत, मांडीवर सूप घेऊन बिड्या वळण्यात उमर गेलेल्या आजीबाई आहेत. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, नाही उतरली तर हाडवैद्य गाठायचा, ही जुनी वाट. आता मोबाइलने नवी वाट दाखवली आहे. पडद्यावर कुणीतरी पालथ्या पडलेल्या माणसाची मान झटक्यात फिरवतो, कडकन आवाज येतो आणि माणूस हसत उठून बसतो. या उपचाराचं नाव कायरोप्रॅक्टिक. घरातला शिकलेला मुलगा म्हणतो, ‘‘माय, फिजिओथेरपीत दहा दिवस गेले, काही फरक नाही. नागपूरला चल, एका झटक्यात मणका बसवून देतात.’’

मुलाची कळकळ खरी आहे, फिजिओथेरपीबद्दलची तक्रारही बरीचशी खरी आहे. पण त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो मानला तर आईचे पैसे जातील, कदाचित त्याहून जास्त काही जाईल.

कायरोप्रॅक्टिकची बाजू आधी पुरती मांडू. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही अर्थ नाही. हा उपचार म्हणजे निव्वळ थोतांड आहे असं म्हणता येत नाही. २०१९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. त्यांत नऊ हजारांवर रुग्ण होते. मणक्याला हाताने झटका किंवा दाब देण्याचा परिणाम, शिफारस केलेल्या इतर उपचारांच्या जवळपास बरोबरीचा निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही मणक्यावरच्या या हस्तोपचाराला जागा आहे. अमेरिकेत डॉक्टरांच्या संघटनेने कायरोप्रॅक्टिकवाल्यांवर वर्षानुवर्षं बहिष्कार टाकला, तेव्हा १९८७ साली तिथल्या न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. हे सगळं मान्य आहे.

मान्य नाही तो ‘मणका बसवला’ हा दावा. १८९५ साली अमेरिकेतल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर या चुंबक-उपचार करणाऱ्या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीवर दाब दिला आणि त्याचा बहिरेपणा गेला असं जाहीर केलं. तिथून या पंथाची सुरुवात झाली. शंभरातले पंचाण्णव रोग मणके जागचे हलल्यामुळे होतात, असं पामर यांचं म्हणणं होतं. कानाकडून मेंदूकडे जाणारी नस पाठीच्या कण्यातून जातच नाही, ही शरीररचना तेव्हाही ठाऊक होती. कंबरेचा मणका बळकट अस्थिबंधांनी आणि स्नायूंनी जखडलेला असतो. तो खरोखरच जागचा निसटला, तर तो मोठ्या अपघाताचा किंवा गंभीर आजाराचा रुग्ण असतो, आणि त्याची जागा शस्त्रक्रियेच्या टेबलावर असते. झटक्याने येणारा कडकन आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्याचे दोन पृष्ठभाग एकदम दूर झाले की आतल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा तो आवाज. बोटं मोडताना येतो तोच. बोटाच्या सांध्यात हे घडताना २०१५ साली एमआरआयवर टिपलंही गेलं आहे.

मग आराम पडतो तो कशाने? झटक्याने मज्जातंतूंना नवी संवेदना मिळते, आवळलेले स्नायू काही काळ सैल पडतात, कुणीतरी आपलं दुखणं मनावर घेऊन अंगाला हात लावला याचाही दिलासा असतो. हा आराम खोटा नाही, पण टिकाऊ नाही. म्हणून पुढच्या आठवड्याची वेळ मिळते, मग त्यापुढच्या. ‘तुझा मणका सरकतो’ ही समजूत एकदा मनात बसली की बाई वाकायला घाबरते, उचलायला घाबरते, तिची कंबर आणखी दुबळी होते आणि दुखणं मुरतं. माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. झटक्याने दोन दिवस बरं वाटलं असेल, तर ते वाटू द्यावं. पण धडधाकट बाईच्या मनात आपण आतून मोडलो आहोत ही भीती पेरणारा उपचार जुनाट दुखण्यात अपायच करतो.

दुसरा आक्षेप मुर्रीच्या मातीतला आहे. आपल्याकडे पाठदुखी घेऊन येणारा प्रत्येक जण निव्वळ श्रमाने थकलेला नसतो. आपल्या भागात क्षयरोग आहे, आणि तो मणक्यातही होतो. रात्री वाढणारं दुखणं, बारीक ताप, घटणारं वजन, अशा माणसाच्या किडलेल्या मणक्याला झटका दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. विदर्भात सिकलसेलही आहे. शुक्ला आणि सोलंकी यांनी १९५८ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलविषयी लिहिलं होतं, आणि त्यानंतर किती घरांत हा आजार निघाला हे इथे कुणाला सांगायला नको. सिकलसेलमध्ये हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. खुब्याचा गोळा आतून मरत जातो आणि दुखणं जांघेत, मांडीत, कधी गुडघ्यात जाणवतं. पंचविशीतल्या मुलाची ‘नस दबली’ म्हणून कुणी कंबर मोडत बसला, तर खुबा वाचवण्याचे महिने हातचे जातात. म्हाताऱ्या बाईची हाडं ठिसूळ असतात, ती झटक्याने पिचू शकतात. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. त्या क्वचित घडतात, पण मानदुखीसाठी कुणी एवढा धोका का पत्करावा?

हे ओळखण्याचं शिक्षण भारतात कायरोप्रॅक्टिकच्या पाटीमागे असेलच याची हमी कोण देणार? परदेशात त्याचे वर्षानुवर्षांचे अभ्यासक्रम आहेत, परवाने आहेत. आपल्याकडे २०२१ साली संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत फिजिओथेरपीला स्वतंत्र वर्ग आहे, कायरोप्रॅक्टिकला नाही. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांची नोंदणी करणारी परिषद त्याही आधीची. फिजिओथेरपिस्ट वर्षानुवर्षं साडेचार वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडत आला, त्यात सहा महिने रुग्णालयात राबून. पोलिओच्या साथींनी मुलं पांगळी होत होती त्या काळात, पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विद्येचं शिक्षण सुरू झालं. लुळ्या पायावर मूल पुन्हा उभं करायचं कसं, या प्रश्नातून ती आपल्याकडे रुजली.

पण त्या मुलाची तक्रार तशीच उरते, आणि ती टाळणं अप्रामाणिकपणाचं होईल. दहा दिवस फिजिओथेरपी घेऊन फरक का पडला नाही? त्या दहा दिवसांत काय झालं ते विचारा. पलंगावर झोपवलं, कंबरेला विजेच्या पट्ट्या लावल्या, शेक दिला, ट्रॅक्शनवर ताणलं, अल्ट्रासाउंडचं यंत्र फिरवलं, पट्टा बांधायला सांगितला आणि घरी पाठवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या दस्तऐवजाने मणक्याच्या हस्तोपचाराला जागा दिली, त्यानेच जुनाट कंबरदुखीत ट्रॅक्शन, उपचारासाठीचं अल्ट्रासाउंड, विजेच्या पट्ट्या आणि कंबरेचा पट्टा वापरू नयेत असं सांगितलं आहे. म्हणजे आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत फिजिओथेरपी म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं त्या शास्त्रानेच नाकारलेलं आहे. झटका देणारा आणि यंत्र लावणारा या दोघांत मग फरक तो काय? दोघांकडेही रुग्ण निपचित पडून राहतो आणि उपचार दुसराच कुणी करतो.

मी बाजू घेतो ती व्यायामाच्या फिजिओथेरपीची. तिची खूण ओळखायला सोपी आहे. ती देणारा आधी बराच वेळ विचारपूस करतो: कधी दुखतं, रात्री झोप मोडते का, पाय बधिर होतो का, लघवीवर ताबा आहे का. मग उभं करतो, वाकवतो, चालायला लावतो. दुखणं म्हणजे दरवेळी इजा नव्हे, हे समजावतो. दोन-तीनच व्यायाम देतो, पण ते आपल्यासमोर करून घेतो, आणि पुढच्या भेटीत त्यांचं ओझं वाढवतो. काही भेटींनी त्याची गरज संपली पाहिजे. गरज पडली तर तो हातानेही सांधे मोकळे करतो, कारण ते कसब कायरोप्रॅक्टिकची मिरास नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली हेच सांगितलं: हस्तोपचार द्यायचा तर व्यायामाच्या जोडीने, एकटा नाही.

१९९८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक चाचणी आली होती. कंबर दुखणाऱ्या ३२१ जणांपैकी काहींना कायरोप्रॅक्टिक, काहींना फिजिओथेरपी आणि काहींना फक्त एक माहितीपुस्तिका दिली. पहिले दोन उपचार सारखेच निघाले, आणि पुस्तिकेपेक्षा जेमतेमच सरस. खर्च मात्र पुस्तिकेच्या जवळजवळ तिप्पट. ते दुखणं बहुतेक जुनाट नव्हतं हे खरं, पण माहितीची किंमत त्यातून दिसते. २०२४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेली ऑस्ट्रेलियातली चाचणी तर मुर्रीसाठीच केल्यासारखी आहे. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टांनी थोड्या भेटींत चालण्याचा आखीव कार्यक्रम दिला. दुखणं परत येण्याचा मधला काळ चालणाऱ्यांत २०८ दिवस निघाला, इतरांत ११२. चालायला यंत्र लागत नाही, नागपूरचं तिकीटही लागत नाही.

यावर रोवणीतल्या बायांचा सवाल ठरलेला आहे, आणि तो रास्त आहे: ‘‘आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला आणखी व्यायाम कशाला?’’ राबणं आणि व्यायाम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत म्हणून. रोवणीत कंबर तासन्‌तास एकाच बाजूला वाकलेली असते, पाठीचे अस्थिबंध ताणून सैल पडतात आणि ती सरळ करायला दुपारच्या भाकरीपर्यंत फुरसत मिळत नाही. व्यायाम उलट दिशेने जातो, हळूहळू वाढतो आणि मध्ये विश्रांती देतो. एक ओळ पुरी झाली की उभं राहून कंबरेवर हात ठेवून दोन-चार वेळा मागे वाकणं, रोवणीच्या महिनाभर आधीपासून बसून उठण्याचे आणि पाठ-पोटाच्या ताकदीचे व्यायाम, हमालाला पोतं उचलताना पायांवर भार घ्यायला शिकवणं, बिडी वळणाऱ्या आजीला तासाभराने उठून अंगणात फेरी मारायला लावणं. एवढं शिकवायला गावच्या आरोग्यवर्धिनी केंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई पुरे आहेत, फक्त त्यांना आधी कुणीतरी शिकवलं पाहिजे. २०१६पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट गावात यावा, पाठदुखीवाल्यांतले क्षयाचे आणि सिकलसेलचे संशयित वेगळे काढून रुग्णालयात पाठवावेत, आणि उरलेल्यांचे व्यायाम समोर करून घ्यावेत. ही मागणी ग्रामसभेत ठराव करून मांडायची, आणि तीही मे महिन्यात, परे टाकण्याच्या आधी.