विमान पडले, पण कशाने पडले?



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपून चपला पायात घालतो आहोत, तोच शेजारच्या वहिनींनी आम्हांला गाठले. ‘भाऊजी, जरा घरी येता का? पोरीचे विमान रोज पडते. आता तिचे बाबा म्हणतात, मशीनच विकून टाकू.’ बाजूच्या आजीबाई घाबरून बघू लागल्या. विमान संगणकातले आहे, हे त्यांना समजावून सांगावे लागले.

वहिनींची मुलगी अकरावीत आहे. वैमानिक व्हायचे, हा तिचा ध्यास. बाबांनी भिशीचे पैसे घालून जुना संगणक घेतला आणि तिने त्यावर विमान चालवण्याच्या सरावाची प्रणाली घातली. २०१७ साली आलेली एक्स-प्लेन ११. हा पोरखेळ नव्हे. पंखांवर, पंख्यावर, शेपटीवर हवेचा जोर किती पडेल याचे गणित क्षणोक्षणी मांडून विमान कसे वागेल ते ही प्रणाली दाखवते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला २०० तासांचे खरे उड्डाण लागते आणि घरच्या संगणकावरचा एकही तास त्यात धरत नाहीत, हे खरे. पण उंचीमापक, वेगमापक वाचायची सवय घरी बसून होते, ती काही थोडी नाही.

या मूळ प्रणालीला जोडण्या मिळतात. त्यांना ‘अ‍ॅड-ऑन’ म्हणतात. कोणी नवे विमान तयार करतो, कोणी विमानतळ, कोणी नुसते ढग. हौशी मंडळी त्या इंटरनेटवर फुकट वाटतात. फुकट म्हटल्यावर पोरीने दिसेल ती उतरवून घेतली. मग एके दिवशी प्रणाली सुरू होता होता पडदा काळा झाला आणि सारे बंद. दुसऱ्या दिवशीही तेच.

दुरुस्तीवाल्याने यंत्र न उघडताच निदान केले: सगळे पुसून नव्याने भरावे लागेल, दीड हजार रुपये. त्याच संगणकात थोरल्या मुलीच्या लग्नाचे फोटो आणि बाबांच्या पी.एफ.चे कागद! बरे, पुसून साधणार काय होते? पोर पुन्हा त्याच जोडण्या घालणार आणि विमान पुन्हा पडणार. मामांचे मत असे की, तिच्या हाताला यंत्र मानवत नाही. आणि वहिनी हळूच म्हणाल्या, ‘भाऊजी, विमान म्हणजे आपल्याला जरा जास्तच झाले, नाही का?’ मुलगी खाली मान घालून बसली होती. संगणकाचे आम्हांला काही वाटले नाही. हे वाक्य मात्र लागले.

केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी बजावले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. दुरुस्तीवाला काय आणि मामा काय, पारखले कोणीच नव्हते. आम्ही मुलीला विचारले, ‘बाळा, यंत्राने काय लिहून ठेवले ते वाचलेस का?’

‘काका, यंत्र लिहिते?’

लिहिते. एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘लॉग’ नावाची मजकुराची फाइल असते. प्रणाली सुरू झाल्यापासून काय काय उघडले, कशात अडखळले, याची ती रोजनिशीच. इंग्रजीत असते, हजारो ओळींची असते, पण घाबरायचे कारण नाही. तळापासून वर वाचायची. मात्र एक ध्यानात ठेवा: प्रणाली पुन्हा सुरू केली की जुनी फाइल पुसली जाऊन नवी लिहिली जाते. म्हणून विमान पडल्याबरोबर आधी त्या फाइलची प्रत बाजूला ठेवायची. घाईने पुन्हा बटण दाबले की पुरावा गेला!

मुलीने तळाच्या ओळी वाचल्या. अमुक जोडणीमुळे प्रणाली कोसळली, असे नावानिशी लिहिलेले होते. ढगांची एक जोडणी, आधीच्या आवृत्तीसाठी केलेली. (नाव देत नाही, फुकट वाटणाऱ्याची नालस्ती कशाला?) ‘रिसोर्सेस’ फोल्डरच्या आत ‘प्लगइन्स’ फोल्डर असतो, त्यातून ती उचलून डेस्कटॉपवर ठेवली. पुसली नाही, नुसती बाजूला ठेवली. विमान उडाले. वहिनींनी चहा टाकला.

चहा होतो न होतो तोच पुन्हा काळा पडदा.

या वेळी रोजनिशीत कोणाचे नाव नव्हते. शेवटच्या ओळी विमानतळांची दृश्ये उघडत असल्याच्या होत्या, एवढाच माग. ‘कस्टम सीनरी’ फोल्डरात तिने घातलेली १६ दृश्ये होती. मुलगी म्हणाली, एकेक काढून बघते. आम्ही म्हटले, निम्मी काढ. आठ काढली, विमान उडाले. म्हणजे चोर त्या आठांत. त्यांतली चार परत घातली, पडले. मग त्या चारांतली दोन, मग एक. सोळांतला एक चार फेऱ्यांत सापडतो. एकेक करीत बसली असती तर रात्र झाली असती. मूळ प्रणालीबरोबर आलेल्या ‘ग्लोबल एअरपोर्ट्स’ या फोल्डराला मात्र हात लावायचा नाही. चोर होता एक विमानतळ. मोबाइलच्या नेटवर उतरवताना मध्येच तुटलेला, त्यातल्या फाइली अर्ध्याच आलेल्या. पुन्हा पूर्ण उतरवला आणि चालला.

दोन जोडण्या एकेकट्या नीट चालतात आणि एकत्र आल्या की भांडतात, असेही होते. मग निम्मे-निम्मे करून चोर सापडत नाही. तिथे एकेक परत घालत जावे लागते. सगळ्या जोडण्या काढूनही पडतच असेल तर दोष जोडण्यांचा नाही. ‘आउटपुट’मधल्या ‘प्रेफरन्सेस’ फोल्डरचे नाव बदलून पाहावे, प्रणाली नवा तयार करते. चित्रांची प्रत कमी करावी, म्हणजे जुन्या यंत्राच्या स्मृतीवर ताण येत नाही. पंख्यातली धूळ झाडावी.

मुलीची चूक एकच होती. आम्ही येण्याआधी तिने एका बैठकीत चार उपाय केले होते: चित्रांची प्रत कमी केली, ड्रायव्हर बदलला, दोन जोडण्या पुसल्या, एक नवी घातली. त्यामुळे कशाने काय झाले, कळायला मार्गच उरला नाही. आता तिने वही घातली आहे. एका वेळी एकच बदल, त्याची तारीख आणि पुढे निकाल: उडाले की पडले. बाबांनी कामावरून आल्यावर ती वही पानन् पान चाळली आणि विकण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

बुधवारी मुलगी सांगत आली, ‘काका, आज जुहूहून निघून पुण्याला उतरले, पण धावपट्टीच्या बाहेर.’ आम्ही विचारले, लॉगमध्ये काय लिहिले आहे? ‘काही नाही काका. वेग माझाच जास्त होता.’

पुढील अंकी: जुना संगणक विकत घेताना काय काय पाहावे.