‘सा’ म्हणजे ‘सी’ नव्हे



पाश्चात्त्य संगीताची तोंडओळख करून देताना आरंभीच एक तक्ता पुढे ठेवण्याची प्रथा आहे : सा म्हणजे सी, रे म्हणजे डी, ग म्हणजे ई, आणि याच क्रमाने नी म्हणजे बी. हा तक्ता सोपा आहे, चटकन पाठ होतो आणि पहिल्या एकदोन धड्यांपुरता उपयोगीही पडतो. तरीही नवशिक्याच्या वाटेतील पहिला अडसर तोच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील धड्यांत हा तक्ता लागू पडेनासा होतो आणि प्रौढ वयात उमेदीने शिकू लागलेला विद्यार्थी ‘आपल्याला संगीताचा कान नाही’ असा चुकीचा निष्कर्ष काढून थांबतो. वस्तुतः त्याच्या हाती दिलेला शब्दकोशच सदोष असतो.

‘सी’ हे एका ठरावीक उंचीच्या स्वराचे नाव आहे. 1955 मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मधल्या सप्तकातील ‘ए’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला 440 धरली जाते. त्या हिशेबाने मधला ‘सी’ सुमारे 261.6 कंपनांचा येतो. वाद्य कोणतेही असो, हे स्थान ढळत नाही. ‘सा’चे तसे नाही. गायक आपल्या गळ्याला मानवेल तेथे ‘सा’ स्थिर करतो आणि उरलेले स्वर त्याच्याशी असलेल्या नात्यावरून ओळखले जातात. व्याकरणाच्या परिभाषेत सांगायचे तर ‘सी’ हे विशेषनाम आहे आणि ‘सा’ हे ‘मी’सारखे सर्वनाम आहे. बोलणारा बदलला की ‘मी’चा निर्देश बदलतो, तरी संभाषणात घोटाळा होत नाही. मात्र ‘मी म्हणजे अमुक गृहस्थ’ असे शब्दकोशात छापले, तर दुसऱ्या माणसाने तोंड उघडताच तो कोश निरुपयोगी ठरेल.

गंमत अशी, की मराठी संगीतव्यवहारात हा भेद पूर्वीपासून आहे. साथीला बसलेला पेटीवादक गायकाला प्रथम विचारतो, ‘पट्टी कोणती?’ उत्तर येते, ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी पाच’. हे उत्तर म्हणजे विशेषनाम. त्या पट्टीला आता ‘सा’ म्हणायचे, हे सर्वनाम. तेव्हा ‘सी’ला मराठी प्रतिशब्द हवाच असेल, तर तो ‘पांढरी एक’ हा आहे. ‘सा’ची जुळणी करायची, तर ती पाश्चात्त्यांच्या ‘टॉनिक’ या संकल्पनेशी, म्हणजे स्वरश्रेणीच्या आधारस्वराशी करावी.

याची प्रचिती पेटीवरच घ्या. पांढरी एकपासून ओळीने पांढऱ्या पट्ट्या वाजवल्या की आपला बिलावल थाट मिळतो. पाश्चात्त्य परंपरेत याच रचनेला मेजर स्केल म्हणतात. काळ्या-पांढऱ्या सर्व पट्ट्या मोजल्या, तर या श्रेणीतील अंतरे दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक अशी भरतात. आता हीच अंतरे पांढरी पाचपासून मोजा. सातव्या स्वरापाशी पांढरी चार चालत नाही; तिच्याऐवजी काळी तीन घ्यावी लागते. स्टाफ नोटेशनमध्ये ओळीच्या आरंभी जी शार्प आणि फ्लॅटची चिन्हे असतात, त्यांचे मूळ एवढेच आहे. ती चिन्हे घोकण्याची गरज नाही. अंतरांचा नियम समजला की ती आपोआप निष्पन्न होतात.

पाश्चात्त्यांनाही हा भेद सोडवावा लागला आहे. अकराव्या शतकात ग्विदो द’आरेत्सो या इटालियन भिक्षूने एका लॅटिन स्तोत्रातील ओळींच्या आद्याक्षरांवरून उत, रे, मी, फा, सोल, ला ही नावे दिली. पुढे ‘उत’चा ‘दो’ झाला. आज फ्रान्स आणि इटलीत ‘दो’ म्हणजे स्थिर ‘सी’. पण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी रूढ केलेल्या टॉनिक सोल-फा पद्धतीत ‘दो’ आपल्या ‘सा’प्रमाणे सरकतो. आपला ‘रे’ ऋषभावरून आला आणि त्यांचा ‘रे’ लॅटिन शब्दावरून. उच्चार जुळले म्हणून अर्थ जुळतातच असे नाही, हे भाषेच्या अभ्यासकांना वेगळे सांगायला नको.

या भेदाचे खरे महत्त्व हार्मनीच्या प्रकरणात कळते. पांढरी एक, तीन आणि पाच एकत्र दाबल्या की सी मेजर ही कॉर्ड होते. त्यांतील तीनऐवजी काळी दोन घेतली की ती सी मायनर होते. एक पट्टी बदलली आणि भाव पालटला. आपल्या मैफलीत तानपुरा आरंभापासून अखेरपर्यंत एकच आधार धरून असतो. पाश्चात्त्य रचनेत मात्र मध्येच आधारस्वर बदलू शकतो; याला मॉड्युलेशन म्हणतात. सी मेजरमध्ये ‘सी’ची कॉर्ड वाक्य पूर्ण करते. एफ मेजरमध्ये तीच कॉर्ड पाचव्या स्थानावर येते आणि वाक्य अपुरे राहिल्याची जाणीव देते. ध्वनी तोच, नाते निराळे. ज्याने ‘सी म्हणजे सा’ असे पाठ केले आहे, त्याला हा बदल ऐकू येऊनही समजत नाही.

नवशिक्याला काही आधार नको का, असा आक्षेप कोणी घेईल. आधार जरूर हवा. पण तो पुढे काढून टाकावा लागणार नाही, असा असावा. म्हणून माझी सूचना अशी : तक्ता बाजूला ठेवा. तुम्हाला येणारे एखादे साधे गाणे प्रथम पांढरी एकवर ‘सा’ मानून म्हणा, मग पांढरी चारवर. पट्ट्या बदलतील, गाणे बदलणार नाही. जे बदलले नाही, त्याला सरगमची नावे द्या. जे बदलले, त्याला सी, डी, ई ही नावे द्या. एवढे साधल्यावर स्टाफ नोटेशनची पाच ओळींची लिपी उघडा. मूल बोलायला शिकते आणि मग अक्षरे गिरवते. संगीताच्या विद्यार्थ्यानेही हाच क्रम का पाळू नये?