सोयाबीन : पथ्य कोणते आणि भीती कोणती

दसरा जवळ आला की निपाणी-चिकोडीच्या बाजूस सोयाबीनची मळणी सुरू होते. निपाणीचे नाव तंबाखूने दूरवर गेले खरे. परंतु आता त्याच मुलखात खरिपाची कित्येक शेते सोयाबीनने भरलेली दिसतात. एवढे पिकवूनही आपण ते खातो मात्र थोडे. पोती अडत्याकडे जातात, तेथून तेलाच्या कारखान्यात. तेल कढईत पडते आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्यात. घरात राहते ते पायली-दोन पायली. त्या पायलीविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण काही घरांतून तिला अमृत समजतात, तर काही घरांतून विष.

शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिने असतात. तुरीच्या डाळीत २२च्या आसपास. गरिबाच्या ताटाला हा मोठाच आधार आहे. परंतु कच्च्या दाण्यात एक असा अंश असतो की तो पोटातील प्रथिने पचविणाऱ्या रसाचे काम रोखून धरतो. १९१७ साली अमेरिकेत ऑस्बर्न व मेंडेल या शास्त्रज्ञांना असे आढळले की, कच्च्या सोयाबीनवर उंदीर नीट वाढत नाहीत, आणि तेच शिजवून दिले असता वाढतात. पुढे १९४५ साली कुनिट्झ यांनी तो अंश स्फटिकरूपाने वेगळा काढून दाखविला.

हे सांगण्याचे कारण असे की, गव्हात कच्चे सोयाबीन मिसळून गिरणीतून दळून आणण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. तव्यावरची चपाती दोन मिनिटांत उतरते. तेवढ्या आचेने तो दोष पुरता जात नाही. मग पोट फुगते, मुले जेवणास कंटाळतात, आणि दोष जात्याला किंवा गव्हाला लागतो! दाणे उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवावेत, ते पाणी टाकून द्यावे, चोळून साली काढाव्यात, कडक उन्हात वाळवावेत आणि मग नऊ किलो गव्हास एक किलो या प्रमाणात दळावेत. सरपणाचा खर्च थोडा वाढेल. तो वाचवू नये.

बाजारात मिळणाऱ्या सोयाच्या वड्यांची, ज्यांना कानडी मुलखात मीलमेकर म्हणतात, गोष्ट वेगळी. तेल काढलेल्या पिठापासून उष्णता व दाब देऊन त्या बनविलेल्या असतात. वजनाच्या सुमारे निम्मी प्रथिने त्यांत असतात. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मटणाच्या जागी त्यांचा रस्सा करण्यास हरकत कसली? मात्र गरम पाण्यात भिजवून पिळून घ्याव्यात, आणि डाळी-उसळींना रजा देऊन रोज त्याच खाऊ नयेत.

आता ज्यांनी खरोखर जपले पाहिजे त्यांच्याविषयी. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी मंद झाल्याने ज्या भगिनी रोज सकाळी गोळी घेतात, त्यांनी हे नीट वाचावे. गोळी घेतल्यावर लागलीच सोयाचे दूध अथवा सोयाचे पदार्थ घेतले तर औषध अंगी पुरते लागत नाही. बाई बिचारी नेमाने गोळी घेते, तरी थकवा जात नाही, वजन उतरत नाही. आणि घरची मंडळी तिला आळशी म्हणतात. दोहोंत चार तासांचे अंतर राखावे, आणि आपण सोया खातो हे डॉक्टरांस सांगावे. गोळी आपल्या मनाने वाढवू वा सोडू नये. निरोगी माणसास, जेवणात आयोडीनयुक्त मीठ असताना, या ग्रंथीसाठी सोयाचे भय धरण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट रक्ताची. सोयातील काही घटक अन्नातले लोह शरीरास घेऊ देत नाहीत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळले. तेव्हा गरोदर लेकीसुनांनी लोहाची गोळी सोयाच्या जेवणाबरोबर घेऊ नये, आणि पानात लिंबाची फोड अवश्य असावी.

पुरुषमंडळींची भीती निराळीच. सोया खाल्ल्याने पुरुषत्व जाते, असे तरुण मुले आम्हांस कुजबुजत विचारतात. सोयात स्त्रीसंप्रेरकासारखे सौम्य गुणाचे द्रव्य असते, हे खरे. २००८ साली अमेरिकेतील साठ वर्षांच्या एका गृहस्थाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याची छाती सुजून दुखू लागली होती. पण हा गृहस्थ दिवसाला जवळजवळ तीन लिटर सोयादूध पीत असे! ते थांबविताच त्रास ओसरला. २०१० व २०२१ साली अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र तपासण्यात आले, तेव्हा नेहमीच्या प्रमाणात सोया खाणाऱ्या पुरुषांच्या संप्रेरकांत काही फरक आढळला नाही. स्तुतीही अशीच अतिरेकी झाली आहे. दिवसाला २५ ग्रॅम सोया-प्रथिने हृदयरोगाचा धोका कमी करतात, असे छापण्यास अमेरिकन सरकारने १९९९ साली परवानगी दिली होती. पुरावा पुरेसा एकमुखी नाही म्हणून २०१७ साली त्याच खात्याने ती मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. घरी केलेले किंवा दुकानातले साधे सोयादूध वर्षाच्या आतील बाळास आईच्या दुधाऐवजी कदापि देऊ नये. सोयापासून बनविलेले बाळदूध पाजावयाचे असल्यास ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. काही मुलांना सोयाचे वावडेही असते. प्रथम अगदी थोडे देऊन पाहावे. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले वा श्वास कोंडू लागला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मूल तत्काळ दवाखान्यात न्यावे.