शॉकअप गेला, सायकल नव्हे!

पांढुर्णा जिल्हा झाला तो २०२३ साली. मोहगाव-सौसर आता त्या जिल्ह्यात. पण मोठ्या बाजारासाठी इथल्या मराठी माणसाला अजूनही नागपूरच जवळ. अशा गावात जुन्या माउंटन बाईकचा मागचा शॉकअप बसला, की सल्ला तयारच असतो : "सोडा हो, नवीन घ्या!" मला हा सल्ला पटत नाही.

आधी काय गेले ते तर बघा. सीट धरून सायकल उचलताना खटखट झाली, तर बहुधा टोकांची बुशिंग झिजलेली असतात. हवेचा शॉकअप रात्रीतून बसत असेल, तर पुष्कळदा रबरी सील बदलून भागते. तेल गळत असेल तर मात्र माहितगारच गाठावा. कित्येक शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो. तिथे घरच्या पान्याची मर्दुमकी नको!

बदलायचाच झाला, तर दोन मापे घ्यावीत : दोन्ही भोकांच्या मध्यांमधले अंतर आणि दांड्याची चाल. १९० बाय ५१ मिलिमीटरच्या जागी दुसरेच माप ठोकून बसवू नये. २०१६ पासून नवी मेट्रिक मापे आली आणि जुन्या सायकली अडचणीत सापडल्या.

केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, वाहने हे विषय तिच्यापुढे होते. सायकलीला वेगळे स्थान नव्हते. ते मिळायला हवे. जुन्या लुगड्याची वाकळ शिवणाऱ्या आपल्या समाजाने एका रबरी कड्यापायी धडधाकट सायकल भंगारात द्यावी, हे काही शोभत नाही.